सात सीझन ट्रॉफी गोव्यातच: खाणी, क्लब आणि फुटबॉल

(फातोर्डा स्टेडियम, ड्रोनवरून, लाइट्स लागलेले)

सलग सात सीझन. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत भारतातली सगळ्यात मोठी फुटबॉल लीग जिंकणारी टीम दरवर्षी गोव्यातली होती. डेम्पो, परत डेम्पो, मग चर्चिल ब्रदर्स, मग डेम्पो, साळगावकर, डेम्पो आणि शेवटी पुन्हा चर्चिल. तिकडे कोलकात्यात मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅच असली की अख्खं शहर वेडं होतं, त्यांना या सात वर्षांत एकदाही मिळाली नाही, आणि इकडे तेव्हा दोन जिल्ह्यांचं राज्य, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पंधरा लाखाच्या पण आत, आणि ट्रॉफी काय मांडवी ओलांडून बाहेर जायचं नाव घेत नव्हती.

आणि आज? आज यातला एकही क्लब देशाच्या टॉप लीगमध्ये नाही.

आपण तळकोकणातली माणसं, सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ला, आपलं निम्मं बाजारहाट म्हापशाला, हॉस्पिटल बांबोळीला, पोरं नोकरीला वेर्णा नाहीतर पर्वरीला. पण आपल्याकडे मोकळं मैदान दिसलं की टेनिस बॉलची क्रिकेट टुर्नामेंट आणि पत्रादेवीचा नाका ओलांडून दक्षिणेकडे जाल तसतसे गोलपोस्ट वाढत जातात. पाऊस तोच, भात तेच, मासे तेच, मग हा खेळ तिकडेच का रुजला? त्याचं उत्तर सुरू होतं शिवोलीत.

१८८३ साली. विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे एक आयरिश फादर शिवोलीत आले आणि त्यांनी मुलांच्या शिक्षणात फुटबॉल घातला, म्हणजे प्रार्थना, अभ्यास आणि बॉल असं सगळं एकत्र. नंतर त्यांनी हडफड्याला शाळा काढली. तिथून हा खेळ चर्चच्या शाळांमधून पसरला, बार्देशमधून, म्हणजे म्हापशाच्या तालुक्यातून, सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात गेला, आणि सासष्टीत तर असा बसला की आजही तिथं गावागावाची टीम आहे. गंमत बघा, राज्य पोर्तुगीजांचं पण खेळ आणला आयर्लंडच्या माणसानं, तो पण इंग्रजी शाळेच्या नादात.

जागेचा प्रश्न शेतानं सोडवला. पावसाळी भात ऑक्टोबरच्या आसपास कापून झालं की शेत मोकळं, मग चार बांबू रोवायचे आणि खेळायचं, पुढच्या पेरणीपर्यंत कोण विचारत नाही. फेस्त म्हणजे चर्चचा सण आला की गावविरुद्ध गाव मॅच, वाडाविरुद्ध वाडा मॅच, बक्षीस काय का असेना पण हरला तर वर्षभर ऐकून घ्यायचं. क्लब, कंपन्या, टीव्ही वगैरे सगळं नंतर आलं, हे शेतातलं फुटबॉल आधीपासून होतं, हे लक्षात ठेवा कारण पुढे गोष्ट फिरणार आहे ती ह्याच्यावरच.

आता लीग. पन्नासच्या दशकात पोर्तुगीज अमदानीतच गोव्यात रीतसर लीग सुरू झाली. क्लबांची नावं पण अस्सल पोर्तुगीज थाटाची, 'क्लुब द देस्पोर्तुश' वगैरे. वास्को शहराचा वास्को क्लब १९५१ चा. डिसेंबर १९५९ मध्ये राज्याची फुटबॉल संघटना स्थापन झाली, तीच आजची गोवा फुटबॉल असोसिएशन. म्हणजे संघटना झाली आणि बरोबर दोन वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. राज्यकर्ते गेले, झेंडा बदलला, पण लीग चालूच राहिली.

त्याच्या आधी अजून एक गोष्ट घडली होती ती मुंबईत. आपले चाकरमानी जसे गिरगाव-परळला तसे गोवेकर धोबीतलावला, तिथं त्यांचे गावागावाचे कूड होते, म्हणजे राहायची सोय, एका खोलीत पंधरा ट्रंका. या मुंबईच्या गोवेकरांतून आला नेव्हिल डिसोझा, मूळ बार्देशमधल्या आसगावचा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात ४-२ हरवलं आणि त्यातले तीन गोल नेव्हिलचे. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. भारत त्या वेळी चौथा आला होता. हे आज सांगितलं तर पोरांना खोटं वाटतं. आणि तेव्हा गोवा अजून भारतात नव्हता, नेव्हिल मात्र भारताकडून खेळत होता.

(मुरगाव बंदर, बार्ज, लाल मातीचे ढीग)

आता पैशाकडे येऊ. कारण फुटबॉल शेतात होतं, पण चॅम्पियन क्लब उभे राहिले ते खनिजावर.

गोव्याच्या पूर्वेला सत्तरी, सांगे, डिचोली ह्या पट्ट्यात लोखंडाचं खनिज. ट्रकनं नदीवर, नदीतून बार्जनं मुरगाव बंदर, बंदरातून परदेश, आधी मुख्यतः जपान आणि मग २००० नंतर चीन. आपल्या रेडीला पण हाच लाल धंदा, त्यामुळे वेंगुर्ल्याच्या माणसाला खाण म्हणजे काय ते समजवायची गरज नाही. या धंद्यात जी घराणी मोठी झाली त्यांनीच क्लब चालवले. वासुदेव साळगावकरांचा साळगावकर क्लब १९५६ चा, मुक्तीच्या आधीचा, वास्कोत. डेम्पो कंपनी क्लबमध्ये उतरली साठच्या दशकात, डेम्पो क्लबचं साल सांगतात १९६८. सेझा गोवाची टीम होती. आणि पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, ते पण खाणमालक आणि खेळाचे मोठे शौकीन, त्यांच्या नावाची बांदोडकर गोल्ड ट्रॉफी गोव्यात भरायची, बाहेरच्या मोठमोठ्या टीम यायच्या आणि लोक ट्रकात भरून मॅच बघायला जायचे.

कंपनीच्या क्लबात खेळायचं म्हणजे काय, तर नोकरी. पोरगा चांगला खेळतो, कंपनीत लागला, पगार सुरू, घरचे खूश, सकाळी प्रॅक्टिस. हे आपल्याला कळतं कारण कोकणात नोकरीशिवाय खेळाला कोण मुलगा सोडत नाही. मला विचाराल तर गोव्यातल्या फुटबॉलचं अर्धं यश ह्या एका गोष्टीत आहे, की आईबापांना खेळ म्हणजे वाया जाणं असं वाटलं नाही.

साळगावकरकडून खेळलेला ब्रह्मानंद शंखवाळकर, ताळगावचा. गोलकीपर, भारताचा कॅप्टन, पुढे १९९७ चा अर्जुन पुरस्कार. संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांतली नॅशनल, ती गोव्यानं पहिल्यांदा जिंकली १९८२-८३ ला, ती पण बंगालबरोबर वाटून, आणि पुढच्याच वर्षी एकट्यानं. आणि गोलात ब्रह्मानंद. गोव्यात फुटबॉल फक्त ख्रिश्चनांचा खेळ असं बाहेरच्यांना वाटतं ना, त्यांनी हे एकच नाव आठवावं. नंतरचे महेश गवळी, समीर नाईक, मंदार राव देसाई, ही नावं बघा, सावंतवाडीच्या कुठल्याही वर्गाच्या हजेरीपटावर सापडतील अशी आहेत.

क्लब म्हणून मोठा दरवाजा साळगावकरनंच उघडला. १९८८ ला फेडरेशन कप, म्हणजे देशभरातल्या क्लबांची कप स्पर्धा, जिंकला, गोव्यातल्या क्लबानं पहिल्यांदा, आणि पुढच्या वर्षी परत जिंकला. त्याच सुमारास मडगावला फातोर्डा स्टेडियम झालं, १९८९ ला. फुटबॉलचं स्टेडियम पण त्याच वर्षी तिथं क्रिकेटची वनडे पण झाली, ऑस्ट्रेलिया-श्रीलंका, आता ह्याला काय म्हणायचं.

१९९६ ला नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या सीझनला पंजाबची जेसीटी पहिली आणि चर्चिल ब्रदर्स दुसरी. आणि १९९८-९९ ला साळगावकर चॅम्पियन, कोच शब्बीर अली, गोव्याचं पहिलं नॅशनल टायटल. ब्रुनो कुतिन्हो त्या काळातला, पुढे त्याला पण अर्जुन मिळाला.

चर्चिल ब्रदर्सचं प्रकरण वेगळं. ह्यांच्या मागे खाणकंपनी नाही. आलेमाव कुटुंब, सासष्टीतल्या वार्क्याचं, क्लब १९८८ चा. चर्चिल आलेमाव राजकारणी, १९९० ला काही दिवस गोव्याचे मुख्यमंत्री पण होते, आठवडे मोजावे लागतात महिने नाही. क्लबवर घरच्यांचं राज्य, कोच येतात-जातात, परदेशी प्लेयर येतात-जातात, भांडणं, वाद, पण टीम जिंकते. ओडाफा ओकोली नावाचा नायजेरियन स्ट्रायकर त्यांच्याकडे होता तेव्हा त्याला थांबवायचं कसं हा इतर सगळ्या क्लबांचा कायमचा विषय. २००८-०९ आणि २०१२-१३ आय-लीग, म्हणजे नॅशनल लीगचंच नंतरचं नाव, शिवाय २००७, २००९, २०११ असा एक सोडून एक ड्युरँड कप. डेम्पो-साळगावकरवाले शिस्तीचे आणि चर्चिलवाले भावनेचे अशी साधारण लोकांची वाटणी आहे, मला ती पूर्ण पटत नाही पण अगदीच खोटी पण नाही.

आणि १९९९ ला आला स्पोर्टिंग क्लब द गोवा. हे सगळ्यांत धाकटे. नॅशनल टायटल नाही मिळालं पण २००४-०५ ला डेम्पोच्या मागोमाग दुसरे आले, म्हणजे देशाच्या लीगमध्ये पहिला आणि दुसरा दोन्ही गोव्याचे.

तो २००४-०५ चा सीझन. त्याच्यावर थांबायलाच पाहिजे.

(डेम्पोची दहा नंबरची जर्सी)

डेम्पोकडे क्रिस्तियानो ज्युनियर नावाचा ब्राझीलचा स्ट्रायकर होता. ५ डिसेंबर २००४, बंगळुरू, फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. ज्युनियरनं दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलकीपरशी टक्कर झाली, तो तिथेच कोसळला आणि परत उठला नाही. डेम्पो २-० ने जिंकली, पहिल्यांदाच फेडरेशन कप, आणि आनंद करायला कोणाकडे मन नव्हतं. मैदानावर तातडीच्या उपचाराची सोय कशी होती, अँब्युलन्स किती वेळात आली यावर मग देशभर बोललं गेलं. क्लबनं त्याची दहा नंबरची जर्सी कायमची बंद केली. आणि हीच टीम त्याच सीझनला नॅशनल लीग जिंकली.

त्या टीमचा कोच आर्मांदो कुलासो. गोव्याचाच माणूस, दहाच्या वर वर्षं एकाच क्लबात, भारतात कोचची नोकरी म्हणजे तीन मॅच हरला की बॅग भर, तिथं हे. मागे महेश गवळी आणि समीर नाईक, मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा, पुढे रँटी मार्टिन्स आणि बेटो, ही माणसं वर्षानुवर्षं एकत्र खेळली, बॉल न बघता पास द्यायची. २००५-०६ ला महिंद्रा युनायटेडनं लीग नेली, मुंबईचा क्लब, पण त्यांचा कोच डेरिक परेरा, तो पण गोव्याचाच, म्हणजे ते वर्ष सुद्धा पूर्ण हातातून गेलं असं नाही म्हणता येत. मग २००६-०७ डेम्पो. पुढच्या वर्षी लीगचं नाव बदलून आय-लीग झालं आणि पहिल्या आय-लीगमध्ये डेम्पोचे ३६ पॉइंट आणि चर्चिलचे पण ३६, डेम्पो वर. त्याच २००८ मध्ये डेम्पो एएफसी कपच्या सेमीफायनलपर्यंत गेली, आशियातल्या क्लबांमध्ये. २०११-१२ ला रँटीनं एका सीझनला ३२ गोल मारले. पाच नॅशनल टायटल झाली डेम्पोची. साळगावकरनं २०१०-११ ला मोरोक्कन कोच करीम बेंचरिफाकडून टीम बांधून घेऊन आय-लीग घेतली आणि लगेच २०११ चा फेडरेशन कप पण.

का जिंकत होते? मला वाटतं त्याचं उत्तर गोव्याच्या स्वतःच्या लीगमध्ये आहे. नॅशनलला खेळणारे चार-चार क्लब आणि ते चारही घरच्या गोवा लीगमध्ये पण एकमेकांशी, कधी म्हापशाच्या ड्युलरला, कधी वास्कोच्या टिळक मैदानावर, वर वास्को आणि सेझासारखे क्लब पाय ओढायला तयार. बाकी राज्यांत स्टेट लीग म्हणजे दोन मोठे क्लब आणि बाकी सगळे हरायला आलेले. इथं तसं नाही, आरामाची मॅचच नव्हती.

आता लीग म्हटलं की फक्त गौरवच सांगायचा असं नाही. २००४ सालीच, ज्या वर्षी ज्युनियर गेला, गोव्याच्या सेकंड डिव्हिजनमध्ये जगात बातमी झाली असा प्रकार झाला. शेवटच्या दिवशी दोन टीम वर चढायला टेकलेल्या, पॉइंट सारखे, म्हणजे गोल फरकावर निकाल. मग काय, एका मैदानावर विल्रेड लेझरनं दोना पावलाला ५५-१ हरवलं आणि दुसऱ्या मैदानावर कुडतरी जिमखान्यानं सांगोल्ड्याच्या टीमला ६१-१. एकसष्ट! नव्वद मिनिटांत एकसष्ट म्हणजे दर दीड मिनिटाला गोल, बॉल जाळ्यातून काढून मध्यावर न्यायलाच तेवढा वेळ लागतो. आणि त्यात सुद्धा समोरच्यांनी एक-एक गोल मारलाय हे मला सगळ्यात आवडतं. असोसिएशननं चारही क्लबांवर वर्षभराची बंदी घातली. हसू येतं पण एक सांगतो, सेकंड डिव्हिजनमधून वर चढण्यासाठी माणसं इतकी येडी होतात म्हणजे त्या लीगची किंमत त्यांच्या लेखी किती असेल.

मग उतरण. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, आधी राज्य सरकारनं थांबवल्या मग सुप्रीम कोर्टानं. २०१४ ला मर्यादा घालून परवानगी आली, २०१८ ला कोर्टानं लीजच रद्द केली आणि परत सगळं ठप्प. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, सगळ्यांच्या घरात त्याची झळ. आता 'खाण बंद झाली म्हणून क्लब संपले' असं सरळ गणित मांडायचा मोह होतो पण तेवढं सोपं नाही, डेम्पोनं तर आपला खाणधंदा २००९ लाच सेझाला विकला होता आणि त्यानंतर दोन आय-लीग जिंकल्या. खाणीनं हात सैल होता तो आखडला, एवढं म्हणू. खरा घाव दुसरीकडून आला.

२०१४ ला इंडियन सुपर लीग सुरू झाली. शहराच्या नावाच्या टीम, मोठे मालक, टीव्ही, स्टार. गोव्याला एफसी गोवा मिळाली, कोच ब्राझीलचा झिको, आणि सुरुवातीच्या मालकांत व्हिडिओकॉनबरोबर दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास डेम्पो. म्हणजे ज्या घराण्यांचे जुने क्लब त्यांचाच नव्या टीममध्ये पण वाटा! लोक भरभरून आले फातोर्ड्याला, खोटं कशाला बोला. २० डिसेंबर २०१५ ची फायनल तिथेच झाली, ८७ व्या मिनिटाला गोवा २-१ नं पुढे, आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत चेन्नईयननं दोन गोल काढून ३-२ केलं. ते अजून कोणी विसरलेलं नाही.

इकडे जुन्या क्लबांचं एकेक सुटत गेलं. २०१४ ला चर्चिलला लायसन्सच्या अटींवरून आय-लीगबाहेर काढलं. २०१४-१५ ला डेम्पो, पाच वेळची चॅम्पियन, रेलिगेट झाली, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली. एका वर्षात सेकंड डिव्हिजन जिंकून वर आली, पण तोपर्यंत देशाच्या फेडरेशनचा नवा आराखडा आला होता, सुपर लीग वर आणि आय-लीग खाली, आणि खालून वर चढायला शिडीच नाही. २०१६ ला साळगावकर आणि स्पोर्टिंगनं आय-लीग सोडली, मागोमाग डेम्पोनं पण. मैदानावर जिंकून सुद्धा वर जाता येणार नसेल तर खेळायचं कशाला, हा त्यांचा मुद्दा. मला तो तेव्हाही बरोबर वाटला होता. ज्या राज्यानं सात वर्षं ट्रॉफी घरात ठेवली त्याच्या तीन क्लबांनी एका वर्षात दार बंद केलं आणि देशात फारसं कोणी हललं नाही.

पण गोवा लीग बंद पडली नाही. हे तिघं तिथं खेळत राहिले, पोरं घडवत राहिले, आणि २०१८-१९ ला तर एफसी गोवाच्या रिझर्व्ह टीमनं ही लीग जिंकली, म्हणजे नव्यांना पण पोरं तयार करायला जुन्याच लीगमध्ये यावं लागलं. आयएसएलमध्ये दिसणारे ब्रँडन फर्नांडिस, मंदार, हे सगळे ह्याच गावातल्या मैदानांवरून गेलेले. आणि कोविडमध्ये सुपर लीग खेळवायची कुठं म्हटल्यावर दोन सीझन अख्खी लीग आणून ठेवली ती फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावरच. रिकाम्या स्टँडसमोर, तेवढं मात्र वाईट वाटलं.

चर्चिल २०१६-१७ ला आय-लीगमध्ये परत आली होतीच, आणि २०२४-२५ ला डेम्पो पण परतली. त्याच सीझनला चर्चिलला चॅम्पियन घोषित केलं, मग एका मॅचच्या पॉइंटवरून वाद, अपील, आणि प्रकरण थेट स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादात जाऊन जुलै २०२५ मध्ये टायटल वाराणसीच्या इंटर काशी क्लबाला मिळालं. तोपर्यंत शिडी लागलेली होती, आय-लीग जिंकली की सुपर लीग. ज्या शिडीसाठी २०१६ ला तीन क्लब बाहेर पडले ती आली, आणि चर्चिलचा पाय वरच्या पायरीवरून निसटला.

(म्हापसा, ड्युलर मैदान, दुपारची मॅच)

गोवा लीग बघायची असेल तर म्हापशाचं ड्युलर आपल्याला सगळ्यात जवळ, बांद्याहून तासाभराच्या आत. आर्टिफिशियल टर्फ आहे त्यामुळे पावसाळ्यात पण मॅच होते. छत्री न्या, आणि डेम्पो-साळगावकर असेल तर थोडं लवकर पोचा.